वगळलेली म्हैस

दामूअण्णा अर्ज आधी हुंगायचे, मग वाचायचे.

डोळे मिटून कागद नाकाशी धरायचा आणि म्हणायचं, "मिठागर." किंवा, "सुकी मासळी. उन्हातून चालत आलाय." मग घडी उलगडून गावाचं नाव बघायचे. दहातल्या आठ वेळा बरोबर निघायचं. उरलेल्या दोन वेळी, त्यांच्या मते, अर्जदाराने पत्ता चुकीचा लिहिलेला असे.

हुंगून झालं की अर्जाला खुर्ची मिळायची. खरीखुरी, लाकडी, चार पायांची. "अर्ज म्हणजे माणूस. लांबून आलाय, त्याला आधी बसायला सांगा," हे त्यांचं पालुपद. काम होईपर्यंत अर्ज तिथून उठत नसे. एका गावचे चार अर्ज आले तर ते एकाच खुर्चीवर दाटीवाटीने बसत. कल्याणात पारनाक्याजवळ आमदारांची ती कचेरी, आणि दामूअण्णा तिथले चिटणीस. खुर्च्या सहा, सहाही भरलेल्या, आणि जिवंत माणसं उभी. एकदा खुद्द आमदारसाहेब आले, चौफेर बघितलं आणि निमूट टेबलाच्या कोपऱ्यावर टेकले.

परवा माझी नात ऐटीत सांगत होती, ती कुठल्याशा आमदाराकडे इंटर्नशिप करते. फिरती खुर्ची मिळालीय म्हणे. म्हटलं, बाई गं, आम्हीही केलीय. पहिल्या निवडणुका नुकत्याच झालेल्या. तेव्हा त्याला उमेदवारी म्हणायचे, आणि मी ती महिनाभर उभ्याने केली.

मी तेव्हा अठरा वर्षांची. राहायला डोंबिवली, कॉलेज मुंबईत. 'लोकशाही जवळून बघून या,' असं सांगून नागरिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी सुट्टीत धाडलेलं. दोन वेण्या, खादीचं पातळ, आणि देश केवळ आपल्यासाठी खोळंबलाय अशी खात्री. आता ती मुलगी समोर आली तर मी तिला आधी पाणी देईन आणि मग थोडा वेळ गप्प बसायला सांगेन.

"अक्षर?" दामूअण्णांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"सुंदर आहे," मी म्हटलं.

"सुंदर नको. वाचता येतं का?"

काम सोपं होतं. आलेल्या अर्जाची नक्कल करायची, साहेबांच्या पत्राला जोडायची आणि संबंधित खात्याला पाठवायची. "शब्द हलवायचा नाही," एवढीच सूचना. पण शब्द न हलवता काम करायचं, तर माझं मराठीतलं पहिलं बक्षीस कशासाठी होतं?

दुसऱ्या आठवड्यात कोपर गावच्या बायजाबाईंचा अर्ज आला. दामूअण्णांनी हुंगला. "म्हैस," म्हणाले आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसवला. आत लिहिलं होतं: 'आमच्या विहिरीला कठडा नाही. माझी म्हैस पडली. उद्या पोर पडेल. पावसाच्या आत कठडा बांधून द्या.'

मला हे फारच ओबडधोबड वाटलं. मी फुलस्केप घेतला. 'ग्रामीण जनतेच्या तृषाशमनार्थ असलेल्या कूपाभोवती संरक्षक व्यवस्थेचा शोचनीय अभाव' इथून सुरुवात करून दोन पानं लिहिली. 'नवभारताच्या अरुणोदयी' हे शब्द दोनदा आले. म्हैस काढून टाकली. अरुणोदयात म्हैस बरी दिसेना.

आठ दिवसांनी जिल्हा लोकल बोर्डाचं उत्तर आलं. 'सदर विहिरीवर अपघात घडल्याचे अर्जात नमूद नाही. सबब निकड दिसत नाही. पावसाळ्यानंतर विचार होईल.'

दामूअण्णांनी माझ्या मजकुराची कचेरीत ठेवलेली स्थळप्रत मागवली आणि मूळ अर्जाशेजारी ठेवली. बराच वेळ वाचत राहिले.

"म्हैस कुठाय?"

"ती जरा... ग्राम्य वाटत होती, अण्णा."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर परवडलं असतं. त्यांनी माझी दोन पानं उचलली, डोळे मिटून हुंगली आणि म्हणाले, "कसलाच वास नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कोपरला नेलं. डोंबिवली स्टेशनापासून शेतांच्या बांधावरून चालत. ते छत्री उघडून पुढे, मी तोंड पाडून मागे. विहीर बघितली. जमिनीच्या सपाटीला नुसतं एक भोक. काठावर सहा-सात वर्षांच्या दोन पोरी वाकून कळशी ओढत होत्या. पावसाला दोन आठवडे उरले होते.

बायजाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. दामूअण्णांनी सगळं खरं सांगून टाकलं.

"ही कं ती शिकलेली?" बायजाबाईंनी मला वरून खाली न्याहाळलं. "आगो पोरी, माजी म्हस कनाला काढलीस? तिनं तुजं काय खाल्लं?"

मी मातीत फतकल मारून बसले आणि त्या सांगतील ते लिहू लागले.

"जरा हळू सांगा हो," मी म्हटलं.

"म्हस पडली तवा हलू पडली काय?"

अर्ज असा झाला: 'आमची म्हैस चंद्री. गाभण आहे. पहाटे विहिरीत पडली. सोळा माणसांनी दोर लावून काढली. वाचली. आता ती विहिरीच्या बाजूला फिरकत नाही. पण पोरांना तेवढी अक्कल नाही. पाऊस लागला की चिखल होतो आणि काठ कळत नाही.' खाली अंगठा. दामूअण्णांनी जागेवरच हुंगला. "आता ठीक."

पाचव्या दिवशी बोर्डाचा ओव्हरसियर आला. त्याने म्हणे विहिरीआधी म्हैस बघायला मागितली. पावसाच्या चार दिवस आधी कंबरभर कठडा उभा राहिला, आणि त्याच आठवड्यात चंद्री व्यायली. बायजाबाई खरवसाचा डबा घेऊन कचेरीत हजर.

दामूअण्णा दाराजवळच्या खुर्चीपाशी गेले, अर्ज दोन्ही हातांनी उचलला आणि आदराने म्हणाले, "उठा बायजाबाई, काम झालं."

"मी बसलीय कुटं?" बायजाबाई म्हणाल्या. "मगापासून उबीच हाय!"

खरवस खाऊन दामूअण्णा हात धुवायला मागे गेले, तेव्हा मी खिडकीजवळच्या खुर्चीकडे वळले. तिच्यावर महिनाभर एकच अर्ज होता, पिवळा पडलेला, वर गुळगुळीत दगड. मला वाटायचं, बडं प्रस्थ असणार. वाचला. बायकी, टपोरं अक्षर. 'विषय: एकदा माथेरान दाखवणेबाबत.' खाली 'आपली आज्ञाधारक' आणि दामूअण्णांचंच आडनाव.

"घरीसुद्धा अर्जाशिवाय ऐकायचो नाही मी," मागून आवाज आला. "तिने गमतीने केला. मी पोच दिली."

"मग?"

"मग कामं होती. इथून नेरळ ते काय, वर चढलं की माथेरानची लाल माती, कधीही जाऊ म्हटलं." त्यांनी दगड सरळ केला. "तिला जाऊन सहा वर्षं झाली. पण अर्जदार गेली म्हणून अर्ज उठत नाही."

माझ्या डोक्यात लगेच 'नियतीच्या निष्ठुर' वगैरे जमू लागलं होतं. सवय हो! पण मी फुलस्केप ओढला आणि उभ्याउभ्याच लिहिलं: 'काकूंनी माथेरान मागितलं होतं. तुम्ही नेलं नाहीत. उद्या रविवार आहे. त्यांचा अर्ज खिशात घालून जाऊन या.' खाली सही.

दामूअण्णांनी माझा अर्ज घेतला. नेहमीपेक्षा जास्त वेळ हुंगला. "डोंबिवली," म्हणाले. "आणि खरवस."

वाचून झाल्यावर तो बायजाबाईंच्या रिकाम्या खुर्चीवर बसवला.

सोमवारी माझा शेवटचा दिवस. मी पोचले तर दामूअण्णा पाठमोरे, कपाट लावत होते. टेबलावर तो पिवळा कागद, त्यावर त्यांच्या अक्षरात शेरा: 'काम झाले.' ते बघत नाहीत असं पाहून मी तो झटकन उचलला आणि हुंगला. लाल मातीचा वास.

"कळलं का गाव?" मागे न वळता त्यांनी विचारलं.

"कळलं, अण्णा."

"मग उभी काय? ती खिडकीजवळची खुर्ची मोकळी आहे. बस."