वांग्याचं विमान

पारोळ्यात त्र्यंबकनानांचं भरीत खायचं, तर आधी विमान पाहावं लागे. नाना आमचे शेजारी, धंदा कापसाच्या अडतीचा. मळ्यात कपाशीच्या काड्यांचा जाळ पेटला, की ते टोपलीतलं सगळ्यांत मोठं हिरवं वांगं उचलत, त्याला भाकरीच्या तुकड्यांचे पंख लावत आणि पंखांखाली दोन मिरच्या टोचत.

"ह्या तोफा. चाळीस मिलिमीटरन्या! उडन्यात का इमाननं नाक खाले जास. ठाऊक शे का तुले?"

मग वांगं नाक खाली घाली आणि आम्ही माना डोलावत असू. खुद्द नानांनी विमान एकदाच पाहिलं होतं, तेही बैलगाडीखालून. डोक्यावर घरघर ऐकताच ते तिथे शिरले होते.

लढाईचे दिवस. गावात साखर मिळत नव्हती, सेनापती मात्र पोत्यानं मिळत. पण नानांपुढे कुणाचं चालत नसे. लढाईची वर्गणी गोळा करायला आलेले मामलेदारसाहेब एकदा भरिताला बसले. म्हणाले, "आपल्या विमानाचा एक गोळा फुटला, की रणगाड्याच्या चिंधड्या!"

नानांनी कपाळावर हात मारला. "साहेब, फुटनारा गोळा काय कामना? तो बाहेरच फुटस!" आणि पुराव्यादाखल एक वांगं न टोचताच जाळात टाकलं. भरिताचं वांगं टोचून भाजावं हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. साहेब पडले कोकणातले. ते जाळाजवळच बसून राहिले. वांगं फुटलं ते थेट त्यांच्या कोटावर.

"देखा? नुसती घाण! कोटले भोक पडनं का? टँकले टोचनारा गोळा लागस, पोलादी टोकना!"

साहेब वर्गणी न मागताच उठले. गावानं नानांना त्या दिवशी डोक्यावर घेतलं.

पण तेच विमान, त्याच मिरच्या, शब्दही तेच. ऐकून ऐकून कान किटले. शेवटी मी अक्कांना, म्हणजे नानांच्या बायकोला विचारलं, "नानांनी हे आणलं कुठून?"

अक्का लाकडी बडगीत भरीत ठेचत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "भास्कर सांगी गया."

भास्कर त्यांचा एकुलता एक मुलगा. अडतीवर बसायचं सोडून, बापाला न विचारता विमानदलात तोफा भरायला गेला. नानांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. ब्रह्मदेशात जाण्याआधी तो घरी आला, तेव्हा याच जाळाशी दोघं मुक्यानं बसले होते. मग पोरानं एक वांगं उचललं आणि आपलं काम बापाला समजावून सांगितलं.

"बापलेक तितलंच बोलनात," अक्का म्हणाल्या. "आते कितला महिना व्हयनात, तठून काहीच खबर नही."

त्यानंतर मला नानांचा कंटाळा येईना. वांग्यानं नाक खाली घातलं, की मी अक्कांकडे पाही.

लढाई संपली आणि भास्कर आला. वाळलेला, काळवंडलेला, पण धडधाकट. त्या संध्याकाळी मळ्यात सगळी मंडळी टपून बसली होती. नानांची परीक्षा घेणारा आज खरा माणूस समोर होता. कुणीतरी डिवचलं, "नाना, होऊ द्या विमान!"

नानांनी टोपलीतलं सगळ्यांत मोठं वांगं काढलं. बराच वेळ धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले. मग ते भास्करच्या हातात दिलं आणि दोन मिरच्या त्याच्यापुढे सरकवल्या.

"मले काय समजस त्यामा?" नाना म्हणाले. "तू सांग. पहिलापाईन सांग."