तेल पुरतं निथळू द्या

कळंबचे जालूनाना गाडीचं तेल आधी बोटांवर चोळतात, मग हुंगतात आणि मग मालकाकडं असं बघतात, की आपण घरातल्या जनावराला उपाशी ठेवलंय असं वाटावं. हायवेलगतच्या पत्र्याच्या गॅरेजात गेली चाळीस वर्षं त्यांचं हेच चाललंय.

जुना फिल्टर ते कधी नुसता फेकत नाहीत. पत्रा कापायच्या कात्रीनं तो उघडतात, आतला काळा कागद वर्तमानपत्रावर पसरतात आणि मालकाला उभं करून दाखवतात. "बघा, काय काय गिळलंय बिचारीनं!" कितीही मोठा माणूस असो, त्याची सुटका नाही.

माझीही पाळी आली. मी आणे गावच्या शाळेत शिक्षक. रोज कारनं जा-ये करतो. घरी ट्रॅक्टरचं तेल उरलं होतं. वाया कशाला घालवा, म्हणून तेच कारमध्ये ओतलं आणि मिळाला तो स्वस्त फिल्टर लावला. महिन्याभरात सकाळी इंजिन टकटक करायला लागलं. तेलाचा लाल दिवा विझता विझेना.

"सर, तुमी पोरांना शिकवता ना?" नानांनी विचारलं.

"हो."

"मग ट्रॅक्टर आन् कार एका पंगतीला कशी बसवली? ह्ये तेल लई जाड. वर चढायला येळ लावतं. आन् ह्या फिल्टरातलं रबर तेल धरून ठेवत न्हाई. रातभर सगळं खाली उतरतं, सकाळी इंजिन कोरडंच फिरतं. झिजंल न्हाईतर काय व्हईल?"

नानांनी खालचा बोल्ट काढला, घमेलं सरकवलं आणि स्टुलावर बसले. "पुरतं निथळू द्या." धार संपून थेंब सुरू झाले, तरी अर्धा तास ते हलले नाहीत.

नाना एकटे राहतात. बायको गेली, मुलगा संदीप पुण्याला कंपनीत. तो वर्षातून दोनदा यायचा, तेही गाडीचं तेल बदलायला. माझ्या गाडीला अर्धा तास पुरतो, पण संदीपच्या गाडीचं तेल निथळायला अख्खी दुपार लागायची. बापलेक घमेल्याजवळ बसत, नाना पोराला शेंगा सोलून देत. याचा अर्थ मला फार उशिरा कळला आणि एवढा वेळ कशाला लागतो म्हणून नानांची केलेली चेष्टा आठवून ओशाळल्यासारखं झालं. पोरगा कधी येणार असं कुणी विचारलं, तर नाना तारीख सांगत नसत. "तेल बदलायला अजून दोन हजार किलोमीटर हायती," म्हणत.

या दिवाळीत मी चाकात हवा भरायला गेलो, तर नानांनी तेलाचा डबा आणि नवा फिल्टर सकाळपासून मांडून ठेवलेला. दुपारी संदीपची गाडी आली. नवी, आवाज न करणारी. नानांनी बॉनेट उघडलं आणि तेल बघायची पट्टी शोधत हात आत फिरवला.

"आबा, ही बॅटरीवरची आहे," संदीप हळूच म्हणाला. "हिला तेल लागत नाही. फिल्टरही नाही."

"बरं झालं की. कटकट गेली."

हात स्वच्छ होते, तरी नाना ते फडक्यानं पुसत राहिले. मला फार वाईट वाटलं. संदीपनं घड्याळ पाहिलं. "निघतो आबा. अंधाराच्या आत पोचायचंय."

नाना पुन्हा आत वाकले. कोपऱ्यात त्यांना काच धुवायच्या पाण्याची टाकी सापडली. ते लगबगीनं नळी आणि तांब्या घेऊन आले.

"आबा, भरलेली आहे ती."

"आसू दे," टाकीत नळी सोडत नाना म्हणाले. "जुनं पाणी काढून ताजं भरतो. तू बस तवर."