जनूकाकांचा आरोपी

नारपोलीत आमच्या समोरच्या खोलीत राहणारे जनूकाका टीव्हीवरच्या प्रत्येक खुन्याची बाजू घेतात. माणूस रक्ताळलेला सुरा घेऊन उभा असला, तरी काका पडद्यासमोर बोट नाचवतात, "पुरावा? आदी पुरावा दाखव!"

त्यांच्या घरात गुन्हा शाबीत होणं कठीणच. मांजराने तळलेला बोंबील पळवला आणि काकी लाटणं घेऊन धावल्या, तर काका मध्ये उभे.

"तू बघितलंस तिला खाताना?"

"तिच्या मिशांना मसाला हाय!"

"मसाला माज्या मिशांना बी हाय."

मी त्यांच्याकडे मालिका बघायला जाते. फारसं बोलत नाही, म्हणून ते मला चालवून घेतात.

परवाच्या भागात कोर्टाने आरोपीला सोडलं आणि मेलेल्या मुलीच्या बापाने त्याला रस्त्यात गाठून सळईने संपवलं. खोलीत जमलेल्या शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही. काकांनी उठून टीव्हीच बंद केला.

"अवो, शेवट रायला ना!" काकी करवादल्या.

तेवढ्यात खाली गल्लीत गलका उठला. "मोबाइल चोर! मारो साले को!" टाळ्या वाजवणारे तसेच जिन्याकडे धावले. काका मात्र मोरीत जाऊन टॉवेल भिजवू लागले.

मी जिन्यातूनच पाहिलं. कापडाच्या लूमवरचा एक कामगार खांबाला बांधलेला. केस, भुवया, गाल कापसाच्या धुळीने पांढरेफटक, ओठ फुटलेला. काका गर्दीत घुसले. दोन गुद्दे त्यांच्याच पाठीत बसले.

"काका, हटो! चोर है ये!"

"असंल. मी कुठं न्हाय म्हनतो?" काकांनी त्याची हनुवटी धरली आणि सावकाश तोंड पुसलं. "हां. आता बघा कोन हाय त्यो. मंग मारा."

त्याला कुणीच ओळखत नव्हतं. पण हातही कुणाचा उठला नाही. पोलीस येईपर्यंत काका त्याला चिकटून उभे होते. त्याने चोरी केली की नाही, ते अजून कळलेलं नाही.

नंतर काका जिन्यात बसले. मी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी तो नुसताच धरून ठेवला.

"माजा धाकटा भाव असाच पांढरा झालेला, पोरी. लूमची पाळी सुटून घरी येत व्हता. लाइट गेलेली. चोर म्हनून धरला आमी."

"आम्ही?"

"दोन मी बी मारल्या," काका म्हणाले. "तोंड मंग पुसलं."