राठोड सरांची बिऱ्हाडं

राठोड सर सर्व्हर रूममध्ये शिरण्याआधी दार वाजवायचे. आत माणूस नसायचं. एसीची घरघर, दोन काळी यंत्रं आणि लुकलुकणारे हिरवे दिवे, एवढंच. तरी सर दारावर टकटक करायचे, क्षणभर थांबायचे, चपला काढायचे आणि मगच आत जायचे. नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी हे पाहिलं आणि सवयीप्रमाणे काही विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, "आतमधी बिऱ्हाडं ऱ्हातात मॅडम. दुसऱ्याच्या घरात असं एकदम घुसावं का?"

हिंगोलीतल्या एका शिक्षणसंस्थेच्या कॉम्प्युटर विभागात मी त्यांच्या हाताखाली होते. दोन हजार आठ-नऊचा सुमार असेल. निकाल, ॲडमिशन, ग्रंथालय, पगार, प्रत्येकासाठी पूर्वी वेगळा कॉम्प्युटर होता आणि प्रत्येकाचं वेगळं दुखणं. मग व्हर्च्युअलायझेशन आलं. म्हणजे एका दणकट सर्व्हरच्या पोटात सॉफ्टवेअरनं बरेच कॉम्प्युटर मांडायचे. त्यातल्या प्रत्येकाला वाटतं, आपण स्वतंत्रच आहोत. मी इंग्रजी शाळेतली, त्यामुळे यातले सगळे शब्द मला पाठ होते. सरांनी त्यातला एकही वापरला नाही. सर्व्हर म्हणजे घर. आतला एकेक कॉम्प्युटर म्हणजे बिऱ्हाड. या सगळ्यांना जागा वाटून देणारं मूळ सॉफ्टवेअर म्हणजे घरमालक. "दिसत न्हाई कोणाला, पण कोणी किती पाणी उपसलं ते त्याला बराबर म्हाईत असतंय."

निकालाच्या दिवशी सर्व्हर रूममध्ये लग्नघरासारखी गडबड असायची. "निकालवाल्याकडं लई पाहुणे आले मॅडम. ग्रंथालयवाल्याच्या खाटा घ्या मागून. तिथं आज कोण येऊन राहिलंय पुस्तकं वाचायला?" मी मुकाट्यानं ग्रंथालयाची मेमरी काढून निकालाला द्यायची. एखादा कॉम्प्युटर जिवंत आहे का हे नेटवर्कवरून तपासणं म्हणजे हाक मारणं. एकदा प्राचार्य दारात उभे राहून निकाल कधी लागणार म्हणून ओरडत होते. सर शांतपणे म्हणाले, "जरा दम धरा साहेब. हाक मारली हाय, ओ येऊ द्या." प्राचार्य बराच वेळ कॉरिडॉरमध्ये इकडेतिकडे बघत राहिले.

सर सेनगावकडच्या एका तांड्यावरचे. त्यांची बायको तिथंच राहायची, सासू आणि शेताबरोबर. सासू वारली, पोरगं पुण्याला गेलं, तरी ती तिथंच आणि सर हिंगोलीत स्टेशनमागच्या एका खोलीत. शनिवारी दुपारपासूनच त्यांचं लक्ष उडायचं. चारदा पिशवी उघडून बघायचे, जिलबीचा पुडा चिरडला तर नाही ना. सोमवारी सकाळी जीपमधून उतरून थेट ऑफिसला येत, आणि मग आठवडाभर आम्हाला तिचीच मतं ऐकावी लागत.

"घरची म्हणते, भांडं काठोकाठ भरलं की समजा सांडलंच." हे हार्ड डिस्कबद्दल. "घरची म्हणते, दोन चुली एका वक्ताला फुंकू नये." हे दोन अपडेट एकदम टाकण्याबद्दल. त्या बाईनं आयुष्यात कॉम्प्युटर पाहिला नव्हता, पण आमचा निम्मा विभाग तिच्या सल्ल्यानं चालायचा.

त्यांना आणखी एक नाद होता. 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी दिसली की ते सायकलवरून उतरत. आमच्या गल्लीत समोरच्या घरी दोन खोल्या रिकाम्या झाल्या तेव्हा तेही पाहायला आले. आई म्हणाली, सरांबरोबर जा. मी गेले. सरांनी नळ सोडून पाहिला, स्वयंपाकघराची खिडकी उघडली, मग ओट्यापाशी जाऊन हात टेकवून उभे राहिले. "ओटा उंच हाय," ते म्हणाले. "ती ठेंगणी हाय. खांदे दुखतील तिचे."

"मग वहिनी येणार आहेत?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"ती कुठली येऊन राहिली! तांडा सोडून करमत न्हाई तिला. इथं तिच्याशी बोलणार कोण?"

"त्या असं म्हणाल्या?"

"म्हणायला कशाला पाहिजे? म्हाईत हाय मला."

"पण तुम्ही कधी विचारलंत का?"

सरांनी खिडकी लावून घेतली. कडी नीट बसत नव्हती, ती दोनदा दाबली. "इचारलं आन् न्हाई म्हणाली तर?" ते म्हणाले आणि सायकलीकडे गेले.

त्याच उन्हाळ्यात नवा सर्व्हर आला. जुन्यातली सगळी बिऱ्हाडं त्यात न्यायची, तीही चालू असताना, एकही बंद न करता. सर औरंगाबादच्या सप्लायरला फोनवर मोठ्यानं सांगत होते, "येत्या रविवारी बिऱ्हाड हलवून राहिलो! व्हय, व्हय, नवं घर ऐसपैस हाय. जुन्यात लई तकलीफ झाली." आमच्या विभागात नुकताच बदलून आलेला शिपाई किसन दारात उभा होता. हा पन्नाशीचा गृहस्थ सरांच्याच तांड्यावरचा. त्याला आमची भाषा अजून माहीत नव्हती.

या कामासाठी सर त्या शनिवारी तांड्यावर गेलेच नाहीत. रविवारी ऑफिस रिकामं होतं. ॲडमिशन हललं, पगार हलला. निकालाचं बिऱ्हाड निघालं तेव्हा सर श्वास रोखून पडद्यासमोर बसले. "चुलीवरचा भात उतरला न्हाई पाहिजे मॅडम. हाका मारत ऱ्हा." मी हाका मारत होते. ओ येत होती.

तेवढ्यात किसन पत्र्याची पेटी खांद्यावर घेऊन आत आला. त्याच्यामागे डोक्यावरचा पदर सावरत एक ठेंगणी बाई. तिच्या एका हातात स्टोव्ह, दुसऱ्यात ज्वारीच्या पिठाचा डबा.

"आणलं बघा वहिनीला!" किसन म्हणाला. "सर, नवं घर कुठंशी हाय? जीप खाली उभी हाय. गादी, भांडी, समदं थेट तिकडंच टाकतो."

सर माऊस हातात धरूनच वळले.

"परवा फोनवर नव्हते का बोलून राहिले, बिऱ्हाड हलवतो म्हणून? मीच जाऊन सांगितलं तांड्यावर. वहिनी रातीपासून भांडी बांधून बसली व्हती."

बाईनं आधी सरांकडे पाहिलं, मग त्या काळ्या यंत्रांकडे, मग माझ्याकडे. माझा चेहरा मला कधीच सांभाळता येत नाही. तिनं स्टोव्ह हळूच जमिनीवर ठेवला.

"घर न्हाई घेतलं?" तिनं विचारलं.

किसन आता गोंधळला होता. "म्हंजे सर, ते फोनवर..."

"न्हाई घेतलं," सर म्हणाले. "तिनं पाहिल्याबिगर कसं घेणार? ओटा कसा पाहिजे, पाणी कसं पाहिजे, ते तिला कळतं का मला? त्याच्यासाठीच बोलावलं." मग माझ्याकडे वळून, काही कारण नसताना, मोठ्यानं म्हणाले, "मॅडम, मीच बोलावलं हिला."

पडद्यावर निकालाचं बिऱ्हाड अजून अर्ध्या वाटेत होतं. सर उठले. हलवाहलव चालू असताना त्यांना उठलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. एरवी ते तहान लागली तरी पाण्याला जात नसत. "तुमी बघा इकडचं," एवढंच म्हणाले आणि चपला शोधू लागले. डावी सापडली, उजवी सापडेना. शेवटी किसनची एक घालून, त्याला ओढतच आमच्या समोरच्या घरमालकांकडून त्या दोन खोल्यांच्या किल्ल्या आणायला गेले.

मी बाईंना खुर्ची दिली. त्या कडेला टेकल्या. एसीची झुळूक थेट अंगावर येत होती, म्हणून त्यांनी पदर गळ्याभोवती लपेटून घेतला. जिन्यावरून सरांच्या चपलांचा आवाज खाली खाली जात होता. तो पुरता थांबला तशा त्या माझ्याकडे वळल्या.

"ताई, खरं सांगा," त्यांनी हळूच विचारलं. "बोलावलं व्हतं का त्यायनं मला?"

"हो," मी म्हणाले. "कधीचंच."