सरांचा थंड चहा

ऐनवेळी सॉफ्टवेअरमध्ये बदल मागायला आलेल्या माणसाला आमचे चेरीताल मोहल्ल्यात राहणारे मुजुमदार सर आधी चहा देतात. आणि पिऊ देत नाहीत.

"ठेवा. थंड होऊ द्या. मग सांगा काय बदलायचं ते."

चहावर साय धरेपर्यंत निम्म्या लोकांना आपली मागणी आपल्यालाच फालतू वाटू लागते. जबलपूरच्या आमच्या छोट्या ऑफिसात या पद्धतीला कुणी हसत नाही, कारण सर आल्यापासून एकही लाँच पुढे ढकललं गेलेलं नाही.

हसतात ते सरांच्या डब्याला. मी फारशी बोलत नाही, त्यामुळे डबे नीट बघते. सोमवारी वांगी असली की गुरुवारीही वांगीच.

"काहून सर, वांगी संपून नाही राहिली का?" कुणीतरी विचारतंच.

"मुरू दे. मुरली की चव येते."

पनागरच्या पटेलजींसाठी आम्ही घरपोच भाजीचं अ‍ॅप करत होतो. लाँचच्या आदल्या दिवशी ते आले. "बटन का रंग बैंगनी कर दीजिए. बैंगन जैसा." सरांनी कप पुढे केला. पटेलजींनी तो गरमच घशात ओतला. सरांनी शांतपणे दुसरा मागवला. चौथ्या कपाला पटेलजी हरले.

लाँचच्या सकाळी सर माझ्या टेबलाशी आले. हातातला चहाचा कप ठेवला आणि तो थंड व्हायची वाट बघत बसले. साय धरली.

"एक चेंज आहे. कमीत कमी एक किलो घ्या, असं अ‍ॅप म्हणून राहिलं. पाव किलो चालेल असं कर."

"आज, सर?"

ते कपाकडे बघत होते. "तुझी काकू होती तोवर किलो पुरत नव्हतं. आता तेच गुरुवारपर्यंत खातो."

काम दहा मिनिटांचं होतं. पण ग्राहकाला विचारल्याशिवाय काही बदलायचं नाही, हाही सरांचाच नियम. त्यांनी फोन स्पीकरवर लावला.

"अच्छा, चेंज?" पटेलजी सावकाश म्हणाले. "पहले चाय मँगवाइए, साहब. ठंडी होने दीजिए."

"हो गई."

"पाव किलो किसको चाहिए?"

"मुझे."

"कर दीजिए. लेकिन बटन बैंगनी होगा."

बटण बैंगनी झालं. भयंकर दिसतं. संध्याकाळी त्यावरून पहिली ऑर्डर आली: भेंडी, पाव किलो, चेरीताल.