पाचव्या वापराची पूड

सोमवारी सकाळी सात वाजता पाटोद्याच्या मल्लिनाथअप्पांनी कपाळावर विभूती समजून जस्ताच्या ऑक्साइडचे तीन पट्टे ओढले आणि महादेवाचे आभार मानले. ती पूड आपल्या मुलीच्या प्रयोगाची आहे, हे त्यांना माहीत नव्हते.

स्वप्नाली बीडच्या महाविद्यालयात भजी तळून उरलेल्या तेलापासून बायोडिझेल करत होती. त्यासाठी उत्प्रेरक म्हणून ही पूड लागे. काम झाले की गाळून, धुऊन, भाजून तीच पुन्हा वापरायची. चार वेळा जमले होते. पाचव्यांदा जमले, तरच मार्गदर्शक वनमाला मॅडम तिच्या प्रबंधावर सही करणार होत्या. प्रयोगशाळेत मागे कुणीतरी याच पुडीने बेसिन घासले होते. म्हणून रविवारी तिने पुडीची स्टीलची डबी घरी आणून सर्वांत सुरक्षित जागी, देवघरात ठेवली. सोमवारी पहाटे बस गाठायच्या घाईत तिथली स्टीलची डबी उचलली.

तेल तापत असताना अप्पांचा फोन आला.

"सपने, कपाळावरचं घामोळं बसलं की गं! महिन्याभराची आग गेली. तुज्या आईनं कुठली इबूत आणली, सांगंना!"

मागून तिच्या आई शांतादेवी ओरडल्या, "देवापुढं डबी व्हती, तीच दिली. मी कावून आणू?"

स्वप्नालीने समोरच्या रिकाम्या डबीचा वास घेतला. कापूर.

"आई, मी तुझी इबूत तेलात टाकलीय!"

"बरं केलंस. शुभ कामात देवाचं असावं."

दुपारी तेलाचे दोन थर झाले: वर सोनेरी बायोडिझेल, खाली काळपट ग्लिसरीन. मॅडम खूश झाल्या. "पाचव्यांदाही चालली!"

"मॅडम, ही ती पूड नाही. ही शेणाची राख आहे."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मग आपली पूड?"

"तिचा पाचवा वापर झालाय. अप्पांच्या कपाळावर. गुण आलाय."

"उरली असेल ना? आजच मागव."

स्वप्नालीने फोन लावला.

"उरली व्हती," अप्पा म्हणाले. "पर देवानं दिलेलं एकट्यानं ठेवू नये. गल्लीत वाटली. लोक लई दुवा देतेत, पोरी."

संध्याकाळच्या बसने स्वप्नाली एक मऊ ब्रश आणि रिकामी डबी घेऊन पाटोद्याला निघाली. मॅडमनी जाताना आणखी थोडी इबूत आणायला सांगितले. सही अजून झालेली नाही. गल्लीतल्या एकानेही कपाळ धुतलेले नाही.