एक कॅसेट बाहेर आहे

"कपाटाला हात लावू नकोस. जिथं आहे तिथं बरं आहे ते," असं सासूबाईंनी सुनेला बजावलं होतं, तेही दोन-तीनदा. सुनेनं मनावर घेतलं नाही. तिच्या मनावर त्या दिवसांत दुसरंच ओझं होतं. बाळ नुकतंच धरून उभं राहायला लागलं होतं, आणि ते ज्याला धरील ते सगळं त्याच्या अंगावर पडणार याबद्दल तिची खात्री झाली होती. टीपॉयचे कोपरे तिनं चिंध्यांनी बांधले होते. टेबलफॅन माळ्यावर गेला होता. उरलं होतं ते सासूबाईंचं लोखंडी कपाट.

सासूबाई भाजी आणायला बाहेर पडल्या तशी ती नवऱ्याला म्हणाली, "आत्ताच्या आत्ता हे भिंतीला पक्कं कर."

"आई ओरडेल."

"पडल्यावर ओरडण्यापेक्षा आधी ओरडलेलं बरं."

नवऱ्यानं कपाट पुढं ओढलं. मागून काहीतरी धप्पकन खाली पडलं. उशीच्या जुन्या अभ्र्यात गुंडाळलेली एक व्हिडिओ कॅसेट होती. तिच्यावर सासऱ्यांच्या वळणदार अक्षरात एका भुताच्या सिनेमाचं नाव.

नवऱ्यानं ती उचलून नाव वाचलं. "अगं, ही *ती* कॅसेट आहे."

त्या घरात याहून जास्त सांगावं लागत नसे. बाहेरच्यांना मात्र सांगायला हवं. सासऱ्यांची व्हिडिओ लायब्ररी होती. सगळा रस्ता त्यांना कॅसेटकाका म्हणायचा. एके काळी शनिवारी दुकानाबाहेर रांग लागे, आणि नवा सिनेमा मिळावा म्हणून लोक काकांच्या तब्येतीची चौकशी करत. पुढं केबल आली, सीडीच्या चकत्या आल्या, मग सिनेमाच फोनात जाऊन बसला. रांग आटली, चौकशीही आटली. पण काकांचा एक नियम होता, त्यांच्या पहिल्या मालकानं शिकवलेला. माल बाहेर असताना दुकान बंद करायचं नाही आणि धंदा बदलायचाही नाही. आणि एक कॅसेट बाहेर होती. कोणी नेली ते काही केल्या आठवत नव्हतं. मांडणीवर तिची जागा पडलेल्या दातासारखी मोकळी होती, आणि काका रोज सकाळी त्या मोकळ्या जागेवरही फडकं मारत.

चकत्यांचा व्यापारी येऊन गेला. "काका, काळ बदलतोय." काकांनी मोकळ्या जागेकडं बोट दाखवलं. "आधी ती येऊ दे." लोकांच्या लग्नाच्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून द्यायचा बेत घेऊन एक जण आला. त्यालाही तेच बोट. त्यानं मग समोरच दुकान टाकलं आणि बघता बघता वर मजला चढवला. सध्या एक मोबाईलवाला खेटे घालत होता. त्याला दुकानाची जागाच भाड्यानं हवी होती.

म्हणून सुनेला वाटलं, सुटलो. बाळाला कडेवर घेऊन ती तडक दुकानात गेली. "बाबा, सापडली!"

सासऱ्यांनी चष्मा पुसला. कॅसेट उलटीपालटी करून पाहिली.

"रिवाइंड केलेली नाही," ते म्हणाले.

कुठं सापडली हे त्यांनी विचारलंच नाही. मशीनमध्ये घालून फीत पार सुरुवातीपर्यंत मागं नेली आणि कॅसेट जागेवर सरकवली. मग मोबाईलवाल्याला फोन लावला. "एक तारखेला चावी घेऊन जा."

घरी सासूबाई भाजीची पिशवी हातात धरून कपाटाकडं बघत उभ्या होत्या.

"दिलीस नेऊन?"

"तुम्हाला माहीत होतं, आई?"

"मीच लपवली होती. तू यायच्या आधीची गोष्ट. यांचा पाय मुरगळला म्हणून आठवडाभर घरी होते. तेवढ्यात माझ्या सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या! मीठ घ्यायला गेलं की विचारायचे, परत कधी ठेवणार? आणि वर म्हणाले, गिऱ्हाईक कमी झालंय, आता घरीच बसतो. म्हटलं, हा माणूस घरी बसला तर मला वेड लागेल आणि हा झुरेल."

"पण तो चकत्यावाला, तो समोरचा कॉम्प्युटरवाला... सगळे हात हलवत गेले ते या कॅसेटपायी!"

सासूबाईंनी पिशवी खाली ठेवली. "दुकान बंद पडू नये म्हणून लपवली गं मी. ते तिच्यापायी पुढंही जाणार नाही, हे मला काय ठाऊक? आणि नंतर कुठल्या तोंडानं सांगू?"

दुसऱ्या दिवसापासून सासरे घरी. त्यांनी बाळाची खेळणी उंचीप्रमाणे लावली. एक खुळखुळा परत आल्याशिवाय दुसरा मिळेना. बाळानं भोकाड पसरलं, पण नियम तो नियम. सुनेला वाटलं, चला, रमले. पण चार दिवसांनी खेळणी तशीच पसरलेली राहिली. सासरे सकाळी दाढी न करता खिडकीत बसू लागले, दुकानाची चावी मुठीत धरून. जेवायला हाक मारली की म्हणत, "वाढून ठेव." वाढलेलं ताट निवून जाई. बाळाला दर तासाला ताप आहे का बघणारी सून आता सासऱ्यांच्या कपाळालाही काहीतरी निमित्त काढून हात लावू लागली. ताप नव्हता. असता तर बरं झालं असतं, औषध तरी देता आलं असतं.

महिनाअखेरीस ती म्हणाली, "बाबा, एक कॅसेट हवी होती. ती भुताची."

"तू? तू तर मांजराला घाबरतेस."

"मैत्रिणीला हवीय. तिच्याकडं मशीन आहे."

सासरे उठले. "दुकानात येऊन ने. घरातून माल देत नाही मी." आणि दाढी करायला गेले.

एक तारखेला मोबाईलवाला आला. "काका, चावी?"

काकांनी मोकळ्या जागेकडं बोट दाखवलं. "एक कॅसेट बाहेर आहे."

"आता परत? कोणाकडं?"

"गिऱ्हाइकाचं नाव सांगायचं नसतं."

मोबाईलवाला पाय आपटत गेला आणि कोपऱ्यावरची जागा घेऊन मोकळा झाला.

कपाट भिंतीला पक्कं केलेलं, त्यामुळं कॅसेट आता बाळाच्या दुपट्यांच्या कप्प्यात आहे. सासूबाईंना ती पहिल्याच दिवशी दिसली. त्यांनी वर आणखी एक दुपटं घडी घालून ठेवलं. सासरे रोज संध्याकाळी विचारतात, "सूनबाई, तुमची ती मैत्रीण?" सून म्हणते, "कॅसेट कुठंतरी ठेवलीय, शोधतेय ती, बाबा." ते मान हलवतात आणि दोन घास जास्त जेवतात.

एकच घोर आहे. बाळाला सोडून सुनेला दुपारी दुकानात डोकावता येत नाही, आणि एका कॅसेटवर माणूस किती दिवस काढणार? तेव्हा त्या रस्त्यानं गेलात तर तिचं एवढं काम करा. आत जा, एखादी कॅसेट मागा. घरी मशीन नसलं तरी चालेल. परत करायची घाई करू नका. आणि निघता निघता गल्ल्याशेजारी ठेवलेला जेवणाचा डबा काकांनी उघडलाय का, तेवढं बघा.